मधल्या पाण्यात उभा डोंगा

परवा माझ्या नातीने वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण शोधून काढलं आणि पोट धरून हसली. "आजी, तू तर अशी उभी आहेस जशी नदीलेच हातकडी घातली!"

खरंच तशीच उभी होते. नवीकोरी फौजदारीण, कडक इस्त्री, हनुवटी वर. शेजारी ओल्या कपड्यांत मान खाली घातलेला डोंगेवाला. पाण्यातून माणसं काढणं अजून चालूच होतं आणि या शहाण्या बाईने आरोपी पकडून फोटोसुद्धा काढून घेतला होता.

जागा वरूडकडची, एका धरणाचा फुगवटा. धरण झालं तसं नदीचं पाणी मागे पसरलं, पूल लांब पडला, म्हणून लोक इंजिनाच्या डोंग्यांनी पलीकडे जात. त्या दिवशी एक डोंगा बाजाराला निघाला होता. त्यात माणसं, भाजीचे गठ्ठे, संत्र्यांचे कॅरेट. दुसरा समोरून एका नवरीला पहिल्यांदा सासरी घेऊन येत होता. मधल्या पाण्यात दोघांची टक्कर झाली, बाजाराच्या डोंग्यातले कॅरेट पाण्यात पडले आणि नवरीचा डोंगा उलटला. मी पोचले तेव्हा पाण्यावर संत्री तरंगत होती आणि त्यांच्यामधून पोहणारे बुडालेल्यांना ओढून आणत होते. प्रेतं गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. त्यात नवरदेवही होता. नवरी वाचली.

बाजाराकडे निघालेल्या डोंग्याचा चालक म्हणाला, "तो आडवा आला." मी नवरीच्या डोंगेवाल्याला विचारलं, "आडवा कशाला घातलास?"

"माहीच चूक हाय मॅडम. इंजिन बंद पडलं. लिहून घ्या."

मी आनंदाने लिहून घेतलं. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल, आरोपी पोलीस कोठडीत. ठाणेदारसाहेबांनी कागद वाचले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, पहिल्याच प्रश्नाला जो कबूल होतो, त्याला दुसरा प्रश्न विचारत जा." मला वाटलं, म्हातारा जळतो.

पुढे नोकरीभर पाहिलं, दोषी माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 'लिहून घ्या' म्हणणारा बहुतेक वेळा कुणालातरी पाठीशी घालत असतो. पण ही अक्कल तेव्हा कुठली? अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेली पोर मी. एवढं मोठं पाणी पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून.

खबर दिली एका भाजीवालीने. त्या दिवशी बाजाराच्या डोंग्यात बसलेली. ठाण्यात येऊन बाकावर बसली, आधी पाणी प्याली, मग म्हणाली, "समोरचा डोंगा उभाच होता बाई. आमचाच त्याच्यावर गेला. आमचा चालवणारा फोनवर बोलून राहिला होता."

"उभा का होता?"

"थे मले काहून इचारता? पान्यात जाऊन पाहा." आणि उठून गेली.

घटनास्थळाचा पंचनामा पाण्यावरच करायचा ठरला. गावातले डोंगे जप्त होते, म्हणून वरच्या अंगाच्या दुसऱ्या गावातून डोंगा बोलावला. फुगवट्याच्या मधात आलो आणि त्या माणसाने इंजिन बंद केलं. मी ओरडले, "डिझेल संपलं का?"

"नाई जी. तुमी पयल्यांदा पलीकडं जाऊन राहिल्या ना? बाईमानूस पयल्यांदा पानी ओलांडते तं मधात थांबा लागते. नदीची ओटी भरते थे. काही नसन तं नुसता हात जोडा."

मी हात जोडले. सगळं उलगडलं. डोंगा बिघडून नाही, नवरीच्या हातून नदीची ओटी भरायला थांबला होता. वाचलेल्या साऱ्यांना ते ठाऊक होतं आणि साऱ्यांनी तोंड मिटलं होतं. ओटीसाठी थांबलो आणि नवरदेव गेला, हे बाहेर पडलं असतं तर पोरीच्या कपाळी 'पांढऱ्या पायाची' हा शिक्का बसला असता. डोंगेवाला त्यासाठीच कोठडीत बसला होता.

इथे कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मी तशीच सुटले, थेट नवरीच्या सासरी. अंगणात सुतकाच्या बाया बसलेल्या. नवरी भिंतीला टेकून, सासू समोर. त्या दिवशी सासू घरीच होती, ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. ओटी भरून झाल्यावर इंजिन बंद पडलं, एवढंच तिला सांगितलं होतं. मी भर अंगणात विचारलं, "डोंगा तुझ्या ओटीसाठी थांबला होता ना?"

पोरीने वर पाहिलं. "हो. मी उभी होती. नारळ हातातच होता."

सासू हळूच म्हणाली, "म्हंजे माह्या पोरानं इच्या नारळापायी जीव देल्ला."

मी सांगत होते की तसं नाही, चूक दुसऱ्या डोंग्याची आहे, फोनची आहे. माझं कोण ऐकतं! बाया नवरीपासून सरकून बसल्या होत्या.

तपास मात्र फत्ते झाला. टकरीच्या वेळी दुसऱ्या चालकाचा फोन चालू होता, हे कंपनीच्या नोंदीत निघालं. तो कागद समोर ठेवल्यावर तो ढसाढसा रडला आणि कबूल झाला. नवरीने न्यायाधीशांपुढे न अडखळता जबाब दिला. डोंगेवाला सुटला. मला शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली. तेरवीच्या आधीच पोरीला माहेरी धाडलं होतं, हे मला नंतर कळलं. तिचं सामान कुणी पाठवलं नाही.

पुढे नव्या पोरांना शिकवताना मी कायदा कमी सांगितला. एवढंच सांगायची, जबाब घ्यायच्या आधी अंगण रिकामं करा. बाईला बाजूला घ्या, पाणी द्या, आणि तिचं उत्तर कोणाकोणाच्या कानावर पडेल ते मोजा. मला वेगळी खोली मागायला काय लागलं असतं? पाच मिनिटं. पण पाच मिनिटं थांबेल ती फौजदारीण कसली!

सुटल्यावर डोंगेवाला जप्तीतलं इंजिन न्यायला ठाण्यात आला. सही केली, इंजिन खांद्यावर घेतलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघ, सोडवलं ना तुला?"

दारात थांबून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी तं चार-पाच वर्सानं सुटलोच असतो मॅडम. तिले कोन सोडवन?"