ओवीला नदीवरून आणायचं आहे

१ मे, शुक्रवार. लाँग वीकएंड.
हजर : मी, नवरा समीर, मुलगी ओवी (वय दहा).
मुक्काम : फिलिपिन्समधलं बोहोल बेट, नदीकाठचं एक होमस्टे. घरमालकीण लूर्दिस, साधारण माझ्याच वयाची.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मी मीठ-मोहरी वाया जाते म्हणून कुरकुरणारी बाई. आम्ही सिंगापूरला मरीन परेडमध्ये राहतो. सुट्टी जोडून आली की फिलिपिन्सचं एखादं बेट बघायचं, हा आमचा शिरस्ता. जुनी चर्चेस, टेकड्या, जत्रा, खाणं... सगळं मी आधी ठरवते आणि ठरल्याप्रमाणे पार पाडते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

मे महिन्यात बोहोलमध्ये रोज कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा असते, आणि त्या दिवशी कुणाच्याही घरी जाऊन जेवता येतं. ओवी खूश. अनोळखी घरात शिरायची आणि बिको – नारळाच्या दुधातला चिकट गोड भात – मागून घ्यायची.

"हिला इथेच ठेवून जाऊ," समीर म्हणाला. "डब्याची कटकट तरी मिटेल."

"कॅन लाह," – म्हणजे चालेल की – ओवी तोंड भरलेलं असताना सिंगापुरी थाटात म्हणाली. "तुम्ही जा, बाय."

रविवारी दुपारी निघायचं होतं. लूर्दिसच्या घरामागे एका मोठ्या झाडाची मुळं थेट नदीत उतरली आहेत, त्यांवर बसून ओवी पाय भिजवत होती. सेबू बेटावर जाणारी बोट चुकली तर तिथून सुटणारं विमान चुकणार. मी तिला हाताला धरून उठवलं आणि व्हॅनमध्ये बसवलं.

लूर्दिस मागून आली. "मॅम, नदीकडे तोंड करून तिला नावानं हाक मारा. म्हणा, चल, घरी जाऊ. आमच्याकडे लहान मुलांना हाक मारल्याशिवाय कुठून नेत नाहीत."

"अहो, पण ती गाडीत बसलीय."

"बसू दे. तरी मारा."

मी हसून घड्याळ दाखवलं आणि दार ओढून घेतलं.

घरी आल्यावर ओवी गप्प होती. दमली असेल म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला – हजेरीला ओवी उत्तर देत नाही. घरीही तेच. "बाळा, जेवायला ये" म्हटलं की यायची. "ओवी" म्हटलं की मान वळायची नाही... शेजारच्या कुणाला तरी हाक मारली असावी, तशी. कान तपासले, डोकं तपासलं, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, "तुझं नाव काय?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं.

ताटातलं चिवडायची, कपडे सैल होत गेले. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दृष्ट काढली. या वेळी मीच मोहरी कुठल्या हातात धरायची ते विचारलं.

मग एका दुपारी लूर्दिसचा मेसेज आला. 'मॅम, ओवी बरी आहे ना? नदीवर लहान मुलीचा आवाज येतो. माझी मुलं म्हणतात, ओवीच आहे. ती एकच वाक्य म्हणते.' खाली इंग्रजी अक्षरांत तिनं ते वाक्य लिहिलं होतं –

आई, निघालो का?

लूर्दिसला मराठीचा गंध नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिला फोन लावला आणि म्हटलं, स्पीकर चालू करून झाडाजवळ जा. ओवी माझ्यासमोर डायनिंग टेबलाशी बसलेली. मी फोनमध्ये ओरडले, "ओवी, चल, घरी जाऊ."

समोरच्या ओवीनं मान वर केली. माझ्याकडे बघून, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "थांब ना आई, शूज घालते." आणि टेबलाखाली पायानं बूट चाचपडायला लागली.

तेवढ्यात लाइन तुटली... आणि तिचे पाय थांबले.

समीर दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. हा चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेच्या सिस्टिम्स सांभाळणारा माणूस, पुराव्याशिवाय बोलत नाही. त्यानं लॅपटॉप उघडून तिकीट काढलं.

मी जाऊ शकत नव्हते. नेमका माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला. शनिवारी तो नदीवर दिवसभर हाका मारत राहिला. परत आला तेव्हा घसा पार बसला होता.

"आली का?" मी विचारलं.

"मला काहीच ऐकू आलं नाही. लूर्दिसला आलं." तो बूट न काढताच बसला. "तिनं मला म्हणून दाखवलं. 'बाबा, आई कुठेय?'"

नंतर फोनवरून मी रोज हाका मारल्या. समोर काहीच हालत नाही. लूर्दिस म्हणते, फोनवरच्या हाकेला ती आता येत नाही, तुम्ही स्वतः या.

समीर अजून कारणं शोधतो. निघताना 'निघालो का' हे ओवी दर ट्रिपला विचारते. लूर्दिसच्या कानात राहिलं असेल. असेलही. पण मग 'आई कुठेय' कुठून आलं? आणि टेबलाखाली बूट शोधणारे ते पाय?  कुणाकडे उत्तर असेल तर कृपया सांगा, कितीही वेडगळ वाटलं तरी.

काल लूर्दिसनं कळवलं की तिकडे पावसाळा सुरू झालाय आणि पाणी झाडाच्या मुळांपर्यंत चढलंय. माझा पासपोर्ट अजून आलेला नाही. ओवी आत झोपली आहे. तिच्याजवळ थांबायला सासूबाई येतायत, माझ्यासोबत यायला समीरची रजा मंजूर आहे, बाकी सगळी तयारी झाली. त्या नदीवर उभं राहून माझ्या मुलीला हाक मारणं, एवढंच राहिलंय.