अर्धा कप चहा

आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, आणि व्हिडिओ गेम बनवणं हे माझं काम. वाशीमच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शेजारी बसलेल्या माणसाला हे मी न विचारताच सांगून टाकलं. अनसिंगच्या गाडीला अजून वेळ होता.

"फौजी, आजही अर्धाच?" हॉटेलवाल्यानं त्यांना विचारलं.

"अर्धाच भर."

मला वाटलं, माणूस कंजूस दिसतो.

फौजी आहेत म्हटल्यावर मी लॅपटॉप उघडून त्यांना माझा सीन दाखवला. त्यात सैनिकाचा मित्र मरतो आणि भर गोळीबारात याचे हात थरथरू लागतात. लढाईचा मनावरचा घाव असा दाखवतात, असं मीच त्यांना समजावलं.

त्यांनी सीन दोनदा पाहिला. "तवा नाही थरथरत, बाबू. तवा हात दगडावानी राह्यतात."

"मंग कवा, काका?"

त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला. तो बशीवर खडखडला, पण अर्धाच असल्यानं चहा सांडला नाही.

"घरी पोरगी काठोकाठ भरून देते. ती आत गेल्यावर पेतो. तिले वाटते, बाबाले थंडाच चहा लागते."

मी सीन बदलला. आता सैनिक घरी बसून अर्धा कप चहा पितो. कंपनीतले साहेब विचारतात, अर्धाच का? उत्तर मला माहीत आहे. पण ते फौजींच्या पोरीलाही माहीत नाही, मग मी ते साऱ्या जगाला कसं दाखवू? आणि पहिला सीन तर खोटाच आहे.

दोन्ही फाइली अजून माझ्याकडेच आहेत.