शुक्रवारची पाहणी

भिवंडीच्या कोर्टात आमचा दावा एका भिंतीचा होता. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, अलीकडे जवळच्या कोन गावाहून लग्न होऊन आलेली आमची शेजारीण काकू. लूम सुरू झाले की तिच्या फडताळातली भांडी सरकायची, गिलावा पिठासारखा गळायचा. कारखाना हलवा, एवढीच तिची मागणी. मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचो. न्यायाधीश मालकांच्या खिशात असतात, असं बेधडक छापायचो.

हे न्यायाधीश खिशातले नव्हते. विदर्भातून बदलून आलेले, एकटे राहायचे, कुणाच्या लग्नाला जायचे नाहीत, कोर्टातला चहासुद्धा घ्यायचे नाहीत. म्हणाले, भिंत मी स्वतः पाहीन. शुक्रवारी काम कमी असतं, शुक्रवारी येतो.

"चालेल, साहेब!" मालकाचा वकील टुणकन उठून म्हणाला. आमचा वकील ठाण्याचा. त्यानेही मान हलवली.

मागून काकू ओरडली, "साहेब, सुक्करवारी नको!"

"गप्प बस, बाई! कोर्ट आहे, बाजार नाही," पट्टेवाला खेकसला. मी उठलो, तर मलाच बाहेर काढलं.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक, कोर्टाला नाही.

न्यायाधीश आले, भिंतीला तळहात लावून उभे राहिले. भिंत गप्प.

"देखो साब, कुछ हिल रहा है क्या?" मालक हसला.

"आज सुट्टी हाय त्यांना," काकू म्हणाली. "उद्या या, साहेब. मंग हात ठेवून दाखवा."

न्यायाधीशांचा चेहरा उतरला. लूम बंद होते, पुन्हा येईन, असं त्यांनी कारकुनाला लिहायला लावलं. पण त्याआधीच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. काकूने मला ओढत एसटी स्टँडवर नेलं. न्यायाधीश तिथे वळकटीवर बसले होते.

"साहेब, भिंत?"

"काल चार्ज दिला, बाई," ते म्हणाले. "आता मी तुमच्या घरी आलो, तरी पाहुणाच."

नवे साहेब म्हणाले, पाहणी झालेली आहे, भिंत स्थिर होती. लूम बंद होते हेही खालीच लिहिलं होतं, पण तेवढं वाचायला सवड कुणाला? दावा फेटाळला. भिंतीला हात लावलेला एकमेव माणूस उपटून नेता, आणि वर आम्हाला सांगता, कायद्यावर विश्वास ठेवा!

काकू घरी आली. फडताळ रिकामं केलं आणि भांडी एकेक करून जमिनीवर मांडली. पलीकडे लूम चालू होते. जमिनीवरही भांडी थरथरत होती.