मावशी बसलेली असताना

मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, गायन पार्टीची मुख्य गायिका होती. कळमनुरीपासून कनेरगाव नाक्यापर्यंत कुठंही जयंती असो, लोक आधी तिची तारीख धरायचे. आमच्या घरात बीए झालेली पहिली मी. ती बातमी तिनं मला न विचारता स्टेजवरूनच सांगून टाकली, "माझ्या बहिणीची लेक ग्रॅज्वेट झाली, वाजवा टाळ्या!" पास झाल्याचा मला अभिमान आहेच, तिच्या तोंडून ते जाहीर झालं, याचा जास्त.

पुढं तिला घशाचा आजार निघाला. नांदेडला ऑपरेशन झालं. मावशी वाचली, आवाज गेला. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर पांढरा रुमाल बांधून ती हातवाऱ्यांनी बोलायची. भेटायला आलेले लोक तिच्यासमोरच म्हणायचे, "काय गायची हो बाई!" मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मग ती छातीवर हात आपटायची. म्हणजे, मी हाये ना इथं.

एका वर्षी वस्तीतल्या पोरांनी तिच्या जीवनावर नाटक बसवायचं ठरवलं. परवानगीला आले तेव्हा तिनं हातवारे केले, मी पोरांना सांगितलं, "शेवटी मला मारू नका म्हणते."

पोरं हसली. "न्हाई ओ मावशी, तुमाला कोण मारते!"

नाटक बरं झालं. शेतात निंदायला गेलेल्या बायकांत गाणारी पोरगी दाखवली, नवऱ्यानं पेटी अंगणात फेकली तेही दाखवलं. मावशी पुढच्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटी पोरांनी टेबल आणलं, त्यावर तिचा माईक धरलेला फोटो ठेवला, मेणबत्ती लावली आणि फोटोला हार घातला. मंडपातली माणसं आपोआप उठून उभी राहिली.

आई ओरडली, "अरे मुडद्यांनो, ती जित्ती बसली ना समोर! काहून हार घालून राहिले?"

हार घालणारं पोरगं कावरंबावरं झालं. "मानासाठी घातला ओ. मोठ्या माणसांच्या फोटोला आमी घालतोच की."

खोटं नव्हतं ते. त्यानं बघितलेली सगळी मोठी माणसं फोटोतच होती.

मावशी उठली. मला वाटलं, घरी निघाली. ती स्टेजवर चढली, माईकसमोर उभी राहिली आणि टाळी दिली. दोन जलद, एक सावकाश. पार्टीत या टाळीवर कोरस उचलायचा असतो. तिचे कोरसवाले मंडपात मागं ताडपत्रीवर बसले होते, आता पिकलेल्या केसांचे. त्यांनी बसल्या जागेवरून तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं धृपद उचललं. ढोलकीवाल्यानं समोरची खुर्चीच बडवायला घेतली.

धृपद संपलं आणि रिवाजाप्रमाणे ते थांबले. आता गायिकेची ओळ.

मावशीचे ओठ हलले. रुमाल आत ओढला गेला, बाहेर आला. माईकातून नुसता वारा ऐकू आला.

तिची ओळ संपेपर्यंत कोरस गप्प राहिला. मग तिनं टाळी दिली, त्यांनी धृपद घेतलं, पुन्हा थांबले. ती ओळ मंडपातल्या लेकराबाळांनाही पाठ होती. मलाही होती. कुणी म्हटली नाही.