मिसरी दिवसातून चार वेळा

परवा शेजारच्या खिडकीतून तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला आणि दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही आखातात, रुवीला राहत होतो तेव्हाची एक सकाळ आठवली. कॅन्सर टळावा म्हणून काय खावं, किती चालावं, काय सोडावं, हे तिथल्या दवाखान्यातली नर्स एकेकाला विचारून, फॉर्मवर लिहून घेत समजावत होती. एसीचा गारठा, फिनेलचा वास आणि मागच्या बाकांवर आमच्या ओळखीची तीन मराठी कुटुंबं. माझ्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तो मी कोणालाच दाखवला नव्हता. "तंबाखू?" नर्सने हिंदीत विचारलं. मी बोलायच्या आत हे म्हणाले, "नहीं नहीं, हमारे घर में कोई नहीं." मी म्हटलं, "सिस्टर, वो काटिए. मैं मिसरी लगाती हूँ, भुना हुआ तंबाखू. दिन में चार बार, बाईस साल से." मागे कुणीतरी फिसकन हसलं. हे दात आवळून पुटपुटले, "अगं, ते दात घासणं झालं, त्याला कोणी तंबाखू म्हणतं का? चारचौघांत काय हे!" "विचारलंही चारचौघांतच आहे," मी म्हटलं आणि नर्सच्या बॅटरीपुढे तोंड उघडलं. चट्टा बघायला हेही पुढे वाकले. तिने मला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं आणि महिन्याला मिसरीची एक वेळ कमी करायला सांगितलं. चार महिन्यांच्या जागी मला सात लागले, पण दर खेपेला आकडा खराच सांगितला. मिसरी सुटली, चट्टाही गेला. आता कुठल्याही दवाखान्यात तंबाखूचं विचारलं की हे माझ्याकडे बघतात आणि उत्तर मी देते.