गौरीची शुगर

सकाळची पहिली मुरगूड-कोल्हापूर एसटी, खिडकीची सीट आणि मांडीवरच्या डब्याच्या पिशवीत गाईचं रक्त... सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. आमटीचा डबासुद्धा मी कधी इतका जपून नेला नव्हता.

मी तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, रोज येऊन-जाऊन. मुरगूडजवळच्या आमच्या गावात बुद्धविहारामागं घर, घराला लागून गोठा आणि गोठ्यात एकच गाय, गौरी. कालवड होती तेव्हापासून आईनं वाढवलेली.

गौरी दुसऱ्यांदा व्याली आणि पंधरा दिवसांत दूध निम्म्यावर आलं. पेंडीला तोंड लावेना, नुसती वाळकी वैरण चघळत उभी राहायची. फॅट मात्र लागायची म्हशीसारखी!

आमच्याकडं दुधाचा भाव फॅटवर, म्हणजे त्यातल्या स्निग्धांशावर ठरतो. दूध संस्थेचे सेक्रेटरी रोज विचारायचे, "काकी, काय चारताय ओ गाईला?" आई अशी काही फुलायची... दूध कमी झालं पण कसं दाट झालंय, हे येईल त्याला सांगायची. आणि दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी मी शहाणी, शेजारी बसून मान डोलवायचे.

मग गौरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. कॅल्शियमच्या बाटल्या लावून झाल्या, फरक शून्य. शेवटी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा धीर सुटला. "उद्या बाजार हाय. चालतीया तवर देऊन टाकू."

अशी आजारी गाय बाजारात कोण घेतं आणि कशाला घेतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आई उठली. गोठ्यात जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी सगळ्यात आधी फॅट विचारली. आईनं जरा तोऱ्यातच आकडा सांगितला, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"काकी, ही फॅट पेंडीची न्हाय. गाय सोताच्या अंगातली चरबी दुधात घालतीया."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं... व्याल्यावर दूध भरभरून उतरतं, पण तेवढं खाणं पोटात जात नाही. रक्तातली साखर दुधापायी संपते, मग अंगावरची चरबी वितळायला लागते. तिचा काही भाग दुधात उतरतो, काही रक्तात साठून गाईची भूकच मारतो. म्हणजे इतके दिवस आम्ही जिचं कौतुक करत होतो, ती गाय आमच्यासमोर झिजत होती. आईनं गौरीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

अण्णा मात्र आणखी सुया टोचायला तयार नव्हते. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "रक्तातली साखर तेवढी बघून सांग. पन्नासच्या आसपास पायजे. तिसाच्या खाली निघाली तर गाय मी उभी करतो." अण्णांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

शुगरचे रिकामे बल्ब, म्हणजे रक्त भरून न्यायच्या छोट्या बाटल्या, माझ्याकडं असायच्याच. गावातल्या निम्म्या बायकांचं रक्त मी तपासायला नेलं होतं, एक आई सोडून. तिचं ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीया?" गौरीनं मात्र डॉक्टरांच्या सुईपुढं मुकाट्यानं मान दिली. सकाळी धारेचं थोडं दूधही बाटलीत घेतलं.

लॅबमध्ये गेल्या गेल्या टेस्ट लावली. बावीस! आमचे सर मागून रजिस्टरात डोकावले आणि दचकलेच. "गौरी... बावीस? पेशंट शुद्धीवर आहे का? कुठं ॲडमिट आहे?"

"सर... गोठ्यात."

आता नोकरी गेली, असंच वाटलं मला. पण सर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग स्वतः उठले, लघवी तपासायची पावडर काढली आणि तिच्यावर दुधाचे दोन थेंब टाकले. पांढरं दूध बघता बघता जांभळं झालं, म्हणजे वितळलेल्या चरबीतून होणारं किटोन दुधातसुद्धा उतरलं होतं. "आधी फोन कर," म्हणाले.

गावात फोन होता तो दूध संस्थेत. डॉक्टर तिथंच बसून वाट बघत होते. ते घरी पोचले तेव्हा अण्णांनी गौरीला धुऊन, शिंगांना तेल लावून बाजारासाठी तयार ठेवलं होतं.

भोवताली सगळी गुऱ्हाळं आणि आमच्याच गाईच्या रक्तात साखर नाही! आई गुळाची ढेप फोडायला निघाली होती, पण नुसत्या गुळानं भागणारं नव्हतं. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या बाटल्या थेट शिरेतून चढवल्या, तीन दिवस. चौथ्या दिवशी गौरीनं पेंडीच्या घमेल्यात तोंड घातलं आणि आई तिच्या गळ्यात पडून रडली. मलाही इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी माझी एसटी चुकली, त्याचंही काही वाटलं नाही.

पुढं दूध वाढलं, फॅट खाली आली. सेक्रेटरी हळहळले, "फॅट उतरली की ओ काकी!" आई म्हणाली, "उतरू दे की. गाय खातीया माझी."

त्याच संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला. "माझंबी बघ बाई रगत. मलाबी सगळी म्हणत्यात, काकी किती राबती, किती राबती..."

बाराच्या वर हवं ते हिमोग्लोबिन सात निघालं. गोळ्या सुरू केल्या आणि ती सगळ्यांच्या मागून जेवायची, ते मी बंद केलं. आज आई पंच्याहत्तरीची आहे, ठणठणीत आहे... गौरीचे उपकार.

अजूनही कुणी एखादीचं 'किती राबते हो' म्हणून कौतुक केलं, की मी आधी तिला विचारते... बाई, तू जेवलीस का?