चढावर लागणारी हवा

ताईच्या नाकावर राग असायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. असणारच. तीस वर्षं इंजिनात हात घालणाऱ्या बाईला कुणीही उठून अक्कल शिकवायला लागला, तर ती काय गोड बोलणार? गॅरेज वडिलांचं. ते गेल्यावर कागदोपत्री धाकट्या भावाचं झालं. काम मात्र ताईचंच राहिलं.

भांडण पेटलं ते एका नळीवरून. दगडाच्या खाणीचे बारा छोटे ट्रक याच गॅरेजात यायचे. भावाने नवीच टूम काढली. इंजिनाला हवा पोचवणारी लांब, बारीक नळी काढायची आणि आखूड, रुंद बसवायची. एका ट्रकला बसवलीसुद्धा. रिकामा घेऊन मोठ्या रस्त्यावर पळवला, तर खरंच पळाला. वर डरकाळी अशी, की सगळे ड्रायव्हर खूश. गाडीची ताकद कानाने मोजायची, ही त्या मंडळींची जुनी खोड.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," ताई म्हणाली. "बाकीच्या अकरांना मी ही बसवणार नाही."

"मग उद्यापासून घरी बस," भाऊ सगळ्या ड्रायव्हरांदेखत म्हणाला. "वय झालं तुझं, ताई."

हे तिला फार झोंबलं. या गॅरेजबाहेर तिला दुसरं जग नव्हतं. घरी बसायचं म्हणजे भिंतींकडे बघत मरायचं. पण मुळूमुळू रडेल ती ताई कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ नव्या नळीचा ट्रक घेऊन खाणीवर पोचला, तर त्याच्या आधी ती तिथे हजर.

"तुझा ट्रक भर, जुन्या नळीचा एक भर," ती भावाला म्हणाली. "वजन सारखं. दोन्ही चढावर लावू."

"चढावरच का?"

"हे ट्रक जन्मभर चढच चढतात, बाबा. तिथे इंजिन हळू फिरतं, हवा थोडी ओढतं. रुंद नळीत ती हवा सुस्तावते. बारीक नळीतून तीच जोरात धावते आणि त्या जोरावर आत जास्त ठासली जाते. चूल फुंकायची फुंकणी बारीक का असते? इंजिन भरधाव फिरायला लागलं की मात्र बारीक नळीत हवा अडते, तिथे तुझीच सरस. सपाटीवर तू जिंकशील, लिहून देते. पण या खाणीत सपाटी आहे कुठे?"

ट्रक निघाले. भावाचा पुढे, ड्रायव्हर चालवत होता. सुरुवातीला गरजला, अर्ध्या चढावर धापा टाकायला लागला आणि दोनदा बंद पडला. शेवटी ड्रायव्हर उतरून चाकाला दगड लावत बसला. त्याच्या शेजारून ताई आपला ट्रक पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी वर घेऊन गेली.

मग ती पायी खाली आली. भाऊ तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बरं, जुन्याच नळ्या ठेवू. उद्यापासून ये तू. पण हे आपल्या दोघांत राहू दे."

"घरी बस म्हणालास ते दोघांत म्हणालास का? ये म्हणायचं तर तेही त्यांच्यासमोर म्हण."

भावाने घसा खाकरला. ड्रायव्हरांकडे वळून पुटपुटला, "ताई उद्यापासून येणार आहे."

"ऐकू नाही आलं त्यांना," ताई म्हणाली.

मग तो मोठ्याने म्हणाला.